बियांपासून बहुवर्षायू गलांडा : धाराशिव जिल्ह्याच्या हलक्या जमिनीसाठी एक फूलपीक

धाराशिव जिल्ह्यातील फुलांचा बाजार पंचांगाला बांधलेला आहे. भाद्रपद वद्य अष्टमीस तुळजापूरची श्रीतुळजाभवानी घोरनिद्रेस जाते. अमावास्या सरताच घटस्थापना होते, आणि तेथून विजयादशमी व पुढे कोजागिरी पौर्णिमेपर्यंत तुळजापुरास हार-फुलांची मागणी टिकून राहते. पौषात शाकंभरी नवरात्र येते. चैत्र पौर्णिमेस कळंब तालुक्यातील येरमाळ्यास श्रीयेडेश्वरीची यात्रा भरते. मध्यंतरी लग्नसराई असतेच. जो शेतकरी केवळ झेंडूवर विसंबतो, त्यास या प्रत्येक वेळेसाठी नवे बी, नवी रोपे व नवी मशागत करावी लागते. शिवाय दसऱ्यास सर्वांचाच झेंडू एकदम बाजारात उतरत असल्याने भाव कोसळण्याची धास्ती बाळगावी लागते. एकदा लावलेले झाड दोन वर्षे राहील आणि छाटणीच्या जोरावर आपण ठरवू त्या सुमारास फुलेल, असे फूलपीक हाताशी असेल, तर लहान धारणेच्या शेतकऱ्यास त्याचा मोठा आधार होऊ शकेल. बहुवर्षायू गॅलार्डिया, म्हणजे ज्यास आपल्याकडे गलांडा म्हणतात, ते या प्रकारचे पीक होय.

गलांड्याचे फूल सर्वांच्या पाहण्यातील आहे. लाल पाकळ्यांना पिवळी किनार, क्वचित सबंध पिवळे किंवा सबंध तांबडे, मध्यभागी केसाळ गोलसर गाभा. हे मूळचे अमेरिका खंडातील झाड. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये वनस्पतिशास्त्राचे आश्रयदाते असलेल्या गेलार नावाच्या न्यायाधिकाऱ्यावरून त्यास गॅलार्डिया हे नाव पडले. त्याच्या दोन जाती आपण ओळखून ठेवाव्यात. एक दक्षिणेकडील उष्ण, वाळूमय प्रदेशातील. ती वर्षायू असून लवकर फुलते आणि एका हंगामात संपते. दुसरी उत्तरेकडील डोंगराळ व थंड माळरानांची. ती बहुवर्षायू असून तिचा नमुना लुईस व क्लार्क यांच्या प्रवासात सन १८०६ मध्ये गोळा केला गेला. या दोहोंचा संकर सन १८५७ मध्ये बेल्जियममधील एका बागेत आढळला, व त्यापासून मोठ्या फुलांचा बहुवर्षायू गलांडा निपजला. लवकर फुलण्याचा गुण त्याने उष्ण प्रदेशातील जातीकडून घेतला, तर टिकून राहण्याचा थंड प्रदेशातील जातीकडून. मात्र हे दोन गुण प्रत्येक रोपात सारख्या प्रमाणात उतरत नाहीत. एकाच पुडीतील काही झाडे वर्षातच थकतात, तर काही तिसऱ्या वर्षापर्यंत जोमदार राहतात. ही गोष्ट पुढे बी धरताना फार उपयोगी पडते.

पुडीवरील सूचना आणि आपले हवामान

बहुवर्षायू फुलझाडांच्या बियांच्या पुड्यांवर ज्या सूचना छापलेल्या असतात, त्या बहुधा थंड देशांतील बागायतदारांसाठी लिहिलेल्या असतात. तेथे हिवाळ्यात जमीन गोठते. म्हणून बी घरात पेरा, गोठण्याचा काळ संपल्यावर रोपे बाहेर काढा, हिवाळ्यापूर्वी झाडे झाका, असे सांगितलेले असते. काही पुड्यांवर तर बी आधी थंडीत ठेवण्याचाही सल्ला आढळतो. आपल्याकडे यांपैकी काहीही करण्याचे कारण नाही. बालाघाटाच्या पठारावर हिवाळा कोरडा व सौम्य असतो. जमीन गोठविणारी थंडी पडत नाही, आणि गलांडा त्या काळात विश्रांती न घेता फुलतो. आपल्याकडे झाडाच्या जिवावर उठतात त्या दोन गोष्टी निराळ्याच आहेत : एप्रिल-मेमधील रखरखीत ऊन आणि पावसाळ्यात मुळांशी साचलेले पाणी. यांपैकी दुसरी अधिक घातक होय, कारण उन्हाने मान टाकलेले झाड पाणी मिळताच सावरते, परंतु कुजलेले मूळ सावरत नाही.

तेव्हा जमिनीची निवड हाच या पिकाचा पाया समजावा. खोल, काळी, चिकण जमीन गलांड्यास देऊ नये. तुळजापूर, धाराशिव, वाशी या तालुक्यांत टेकड्यांच्या उतारावर जी मुरमाड, हलकी ते मध्यम जमीन आहे व जीत सोयाबीनचा उतारा बेताचाच येतो, ती या पिकास चांगली मानवते. सन २०२५ च्या सप्टेंबरात परांडा व भूम भागात अतिवृष्टी व पूर यांमुळे जे नुकसान झाले, ते लक्षात घेता नदीकाठच्या सखल रानात हे पीक दोन वर्षांच्या भरवशावर लावणे कोणीही सुचवू नये. काळ्या जमिनीवाचून गत्यंतरच नसेल, तर उंच वरंबे काढून वरंब्याच्या माथ्यावर रोप लावावे आणि शेताच्या खालच्या कडेने चर काढून पाण्यास वाट द्यावी.

रोपवाटिका

रोपे तयार करण्याचे काम या पिकात सर्वांत नाजूक असल्याने त्याविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे.

पेरणीची वेळ इंग्रजी तारखेवर ठरवू नये, घटस्थापनेपासून मागे मोजावे. वर्षायू गलांडा पेरणीपासून सुमारे तीन महिन्यांत फुलतो. बहुवर्षायू प्रकारास चार महिने लागतात, कारण तो आधी जमिनीलगत पानांचा झुबका करतो व मग दांडे वर काढतो. सन २०२५ मध्ये घटस्थापना २२ सप्टेंबरास होती. सन २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक असल्याने ती ११ ऑक्टोबरास येते. म्हणजे पेरणीत जवळजवळ तीन आठवड्यांचा फरक पडतो. दरवर्षी एकाच दिवशी बी टाकणाऱ्याची फुले एखाद्या वर्षी नवरात्राच्या आधीच उमलून जातात, हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांस आवर्जून समजावून द्यावे.

दहा गुंठे क्षेत्रासाठी तीन मीटर लांब, एक मीटर रुंद व पंधरा सेंटिमीटर उंच असे तीन गादी वाफे पुरेसे होतात. वाफ्याची माती भुसभुशीत करून तीत चाळलेले, पूर्ण कुजलेले शेणखत मिसळावे. माती जड असल्यास ओढ्याची वाळू घालावी. शेणखतात ट्रायकोडर्माची भुकटी कालवून आठवडाभर सावलीत ओलसर ठेवली व मग वाफ्यात मिसळली, तर रोपे कोलमडण्याच्या रोगास बराच आळा बसतो.

बी विकत आणल्यावर प्रथम त्याची उगवण पाहावी. शंभर बिया मोजून ओल्या सुती फडक्यावर पसराव्यात, फडके सैलसर गुंडाळून सावलीत ठेवावे व ते वाळू देऊ नये. दहा-बारा दिवसांत साठांहून अधिक बियांना कोंब आले, तर बी पेरण्याजोगे समजावे. दहा गुंठ्यांस पंचवीस ते तीस ग्रॅम बी लागते. उगवण चाळीसवर आली, तर बी त्या मानाने दीडपट घ्यावे, किंवा परत करावे. ही परीक्षा करण्यास काहीही खर्च येत नाही, आणि तरीही ती क्वचितच केली जाते. बियांवरून वर्षायू व बहुवर्षायू यांतील भेद डोळ्यांना कळत नाही. म्हणून पुडीवरील नाव, वाण व तारीख पाहून आणि पावती घेऊनच बी घ्यावे.

वाफ्यावर सात-आठ सेंटिमीटर अंतराने बोटाने उथळ रेघा ओढाव्यात. बारीक वाळूत मिसळून बी त्या रेघांत पातळ पेरावे आणि वर चाळलेल्या खताचा केवळ पापुद्रा द्यावा. बी खोल गेले तर ते उगवत नाही. गलांड्याच्या बियांना थोडा उजेड लागतो. पाणी बारीक छिद्रांच्या झारीने, सकाळी व सायंकाळी, माती ओली राहील इतकेच द्यावे.

मे महिन्याच्या उन्हात उघड्या वाफ्याची माती इतकी तापते, की ओले असूनही बी उगवत नाही. यासाठी वाफ्यावर कमरेइतक्या उंचीचा मांडव घालावा. शेडनेट असल्यास उत्तम. नसल्यास तुराट्या विरळ पसरल्या तरी काम भागते, आणि आपल्या जिल्ह्यात तुराट्यांची वाण पडत नाही. सात ते पंधरा दिवसांत उगवण होते. चौथे पान दिसू लागताच मांडवावरील तुराट्या दर दोन-तीन दिवसांनी थोड्या थोड्या काढून रोपांस उन्हाची सवय करावी. दाट रोपे उपटून दोन रोपांत दोन-तीन सेंटिमीटर अंतर ठेवावे. विरळणीची ही रोपे पावसाळी हवेत दुसऱ्या वाफ्यात जगतात. ती फेकून देण्याची गरज नाही.

पाच-सहा आठवड्यांची, चार-पाच खऱ्या पानांची रोपे लागणीस योग्य होत. लागणीपूर्वी रानात दहा गुंठ्यांस दीड ते दोन टन, म्हणजे सुमारे तीन-चार गाड्या शेणखत घालावे. पहिला चांगला पाऊस होऊन वाफसा आल्यावर, दुपार कलल्यानंतर, साठ सेंटिमीटरच्या वरंब्यावर पंचेचाळीस सेंटिमीटर अंतराने एकेक रोप लावावे. या अंतराने एका गुंठ्यात सुमारे पावणेचारशे रोपे बसतात. रोपाचा गाभा मातीत गाडला जाणार नाही, याची काळजी घ्यावी. गाभ्यात माती बसली की पहिल्याच झडीत तो कुजतो.

रासायनिक खतांविषयी माती परीक्षणाचा अहवाल पाहूनच निर्णय घ्यावा. एवढे मात्र निश्चित, की नत्राचा मारा करून वाढविलेला गलांडा पानांनी माजतो, पावसात लोळतो आणि दुसरे वर्ष पाहत नाही. हलक्या रानात थोडे उपाशी राहिलेले झाड अधिक टिकते. ज्यांस ऊस व कांद्याची सवय आहे, त्यांस हे पटणे अवघड जाते.

छाटणीचे वेळापत्रक

बहुवर्षायू गलांड्याचे खरे मर्म छाटणीत आहे. बहर ओसरल्यावर झाड जमिनीपासून वीतभर ठेवून छाटले, तर बुंध्यातून नवे फुटवे येतात व साधारण दीड ते दोन महिन्यांत पुन्हा फुलांची तोडणी सुरू होते. छाटताना प्रत्येक झाडावर थोडी हिरवी पाने राहू द्यावीत. पार बोडके केलेले झाड पुष्कळदा दगावते.

पहिला बहर नवरात्र ते कोजागिरीपर्यंत घ्यावा. दिवाळीचे दिवस संपताच पहिली छाटणी करावी; म्हणजे पौषातील शाकंभरी नवरात्रास फुले मिळू लागतात. हिवाळ्यातील ही फुले संख्येने थोडी कमी, परंतु रंगाने गडद व टिकण्यास चांगली असतात. माघ अखेरीस दुसरी छाटणी केली असता चैत्र पौर्णिमेच्या येरमाळ्याच्या यात्रेस व पुढील लग्नसराईस माल तयार होतो. त्यानंतर मात्र झाडाकडून काही मागू नये. मे महिन्यात नव्या कळ्या खुडून टाकाव्यात, झाडास विश्रांती द्यावी आणि पावसाळ्याच्या आरंभी तिसरी छाटणी करून भर लावावी. दुसऱ्या वर्षीचा नवरात्राचा बहर नव्या रोपांहून अगोदर येतो. तो फारच लवकर येत आहे असे दिसल्यास आषाढात शेंडे हलके खुडून तो मागे सारता येतो. हे सर्व हिशेब ढोबळ आहेत. प्रत्येकाने आपल्या रानातील छाटणीची व पहिल्या तोडणीची तारीख वहीत टिपून ठेवावी; एका वर्षाच्या नोंदीवरून पुढील वर्षीचा अंदाज कोणत्याही पुस्तकापेक्षा अचूक येतो.

उन्हाळ्यातील पाण्याचा प्रश्न येथे स्पष्टपणे मांडला पाहिजे. गलांडा पाण्याचा ताण सोसणारा असला तरी तो निवडुंग नव्हे. झाडांच्या बुंध्याभोवती सोयाबीनचे भुसकट दोन-तीन बोटे जाड पसरावे. ते बुंध्यास चिकटू देऊ नये. त्यावर आठ-दहा दिवसांनी ठिबकाचे किंवा सरीचे एखादे पाणी मिळाले, तर झाडे तग धरतात. परंतु ज्याच्या विहिरीस वा बोअरला एप्रिलनंतर पिण्यापुरतेही पाणी राहत नाही, त्याने बहुवर्षायू प्रकाराच्या नादी लागू नये. सन १९७२ चा दुष्काळ वडीलधाऱ्यांच्या स्मरणात आहे, आणि सन २०१६ च्या उन्हाळ्यातील टँकर तर सर्वांनीच पाहिले आहेत. अशा शेतकऱ्याने वर्षायू गलांडा जूनमध्ये लावून मार्गशीर्षात रान मोकळे करावे, हेच त्याच्या हिताचे. दोन वर्षांचे झाड एका उन्हाळ्यात गमावण्यापेक्षा एका हंगामाचे झाड पूर्ण वसूल करणे बरे.

कीड व रोग यांचा उपद्रव या पिकात बेताचा असतो. मावा, तुडतुडे व फुलकिडे दिसल्यास पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. पाच किलो निंबोळ्या कुटून रात्रभर दहा लिटर पाण्यात भिजत घालाव्यात, सकाळी गाळून त्यात साबणाचे पाणी मिसळावे व एकूण शंभर लिटर द्रावण करावे. फुलांच्या जागी हिरव्या पानांसारखे गुच्छ येऊ लागलेले झाड आढळले, तर ते औषधाने सुधारेल या आशेवर ठेवू नये. तो रोग तुडतुड्यांमार्फत पसरतो. झाड मुळासकट उपटून जाळून टाकावे.

घरचे बी

गलांड्याचे एक फूल म्हणजे वस्तुतः शेकडो लहान फुलांचा गुच्छ होय. भोवतीच्या रंगीत पाकळ्या शोभेच्या व बहुधा वांझ असतात. बी धरते ते गाभ्यातील बारीक फुलांत, आणि तेही मधमाश्यांनी एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडावर नेल्यावर. यावरून दोन गोष्टी निघतात. बियांसाठी राखलेल्या झाडांवर फुलांच्या दिवसांत विषारी फवारणी केल्यास बी भरत नाही. आणि शेजारी वर्षायू गलांडा असेल, तर त्याचा परागही आपल्या बियांत येतो. म्हणून बहुवर्षायू प्रकाराचे बी धरावयाचे असल्यास तो वर्षायू प्रकारापासून शक्य तितका दूर लावावा.

घरचे बी पहिल्या वर्षीच्या झाडांपासून धरण्याची घाई करू नये. मोठे व देखणे फूल पाहून झाड निवडण्याची आपली रीत असते. येथे ती अपुरी ठरते. एक पावसाळा व एक उन्हाळा पार करून दुसऱ्या नवरात्रात जी झाडे जोमाने फुलली, त्यांतूनच निवड करावी. ज्या झाडाने आपल्या गावच्या मातीत, आपल्या विहिरीच्या पाण्यावर दोन वर्षे काढली, त्याचे बी दूरदेशीच्या पुडीपेक्षा आपणांस अधिक मोलाचे आहे. अशी वीस-पंचवीस तरी झाडे एकमेकांजवळ असावीत. एकट्या झाडास बी नीट धरत नाही. त्यांवर खुणेची चिंधी बांधावी आणि हिवाळी बहरातील फुले न तोडता झाडावरच वाळू द्यावीत. पाकळ्या गळून गाभ्याचा करडा, केसाळ चेंडू झाला व तो बोटांत सहज सुटू लागला, की दुपारच्या कोरड्या वेळी बोंडे तोडून कागदावर सावलीत सुकवावीत. हाताने चोळून व पाखडून बी वेगळे करावे, आणि कागदी पुडीत घालून, घट्ट झाकणाच्या डब्यात, थंड जागी ठेवावे. पुडीवर वर्ष लिहावे. दुसऱ्या वर्षानंतर त्याची उगवण उतरू लागते. या बियांतून येणारी रोपे रंगाने सारखी नसतील. हारासाठी सुटी फुले विकणाऱ्यास त्याचे वावडे नाही, परंतु एकाच रंगाची मागणी असेल तर नको त्या रंगाची झाडे पहिली कळी उमलताच काढून टाकावीत.

तोडणी पहाटे दव ओसरल्यावर किंवा सायंकाळी, पूर्ण उमललेल्या फुलांचीच करावी. अर्धवट उमललेले फूल नंतर उमलत नाही. फुले बांबूच्या पाट्यांत सैल भरावीत. प्लॅस्टिकच्या पोत्यांत कोंबलेली फुले सोलापूरच्या बाजारापर्यंत जाईतो आतून तापून काळवंडतात. तुळजापूरपासून सोलापूर सुमारे पंचेचाळीस किलोमीटर असल्याने नवरात्राखेरीजच्या दिवसांत तोच बाजार जवळचा. तथापि ज्यांचे रान तुळजापुराभोवती आहे, त्यांनी फुले किलोवर विकण्याऐवजी घरी हार ओवून विकता येतात का, हे अवश्य अजमावावे. सुट्या फुलांच्या आणि हाराच्या दरातील अंतर पुष्कळदा घरातील स्त्रियांच्या दोन तासांच्या कामाचेच असते, आणि ते अंतर सध्या दुसऱ्याच्या पदरात जाते.

प्रथमच लागण करणाऱ्याने पाच गुंठ्यांपलीकडे जाऊ नये. पहिल्या नवरात्रात आपल्या फुलांना कोण, किती व कोणत्या दराने घेतो हे कळल्यावर क्षेत्र वाढविण्याचा विचार करावा. तुळजापूर येथे कृषी विज्ञान केंद्र असून परभणीस वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे. माती परीक्षण, वाणांची निवड व रोगनिदान यांसाठी त्यांचा सल्ला घ्यावा. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी एका गावात दोन-तीन शेतकऱ्यांचे वाफे एकाच ठिकाणी घालवून घेतल्यास मांडव, झारी व राखण यांचा खर्च वाटला जातो, आणि उगवण कमी पडली तर रोपांची देवाणघेवाणही होते.

तिसऱ्या वर्षी झाडांचे बुंधे लाकडी होतात, फुले बारीक पडतात. तेव्हा पौषाचा बहर घेऊन झाडे उपटावीत आणि त्या रानात पुढील खरिपात उडीद किंवा मूग घ्यावा. गलांडा लगेच त्याच जागी पुन्हा लावू नये. नव्या लागणीची रोपे, निवडलेल्या बियांची, तोपर्यंत दुसऱ्या तुकड्यात तयार असावीत.